पैलतीराच्या ओळी

वर्तमानपत्राच्या कचेरीत निधनाच्या जाहिराती घ्यायच्या खिडकीमागे ते सव्वीस वर्षं बसले. फोटोखालच्या दोन ओळी तेच जुळवून देत, म्हणून सगळे त्यांना कवी म्हणत. त्यांच्या ओळींत कुणी मरत नसे. दिवा मालवे, पाखरू उडून जाई, नाव पैलतीराला लागे. शिक्षक असेल तर शाळा सुटे. लोक डोळे पुसत आणि आभार मानत.

मग त्यांच्या थोरल्या बहिणीच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. आईमागे ताईनंच लोकांचे कपडे शिवून त्यांना वाढवलं होतं. ऑपरेशनला चार तास लागतील असं डॉक्टर म्हणाले होते. पाच झाले तरी दार उघडेना. बाकावर शेजारी भाची बसली होती. आणि कवींना ओळी सुचू लागल्या. पहिली आपोआप जुळली, पैलतीरासकट. दुसरी जुळली की संपलं, असं त्यांच्या मनानं घेतलं. ती जुळू नये म्हणून ते भिंतीवरच्या फरशा मोजू लागले. भाचीनं विचारलं, "मामा, काय पुटपुटताय?" त्यांना तिच्याकडे बघवेना.

सहा तासांनी डॉक्टर बाहेर आले. ताई वाचली होती. कवी बाकावरून उठले आणि पुन्हा खाली बसले.

आठवड्यानं, उशीला टेकून बसता येऊ लागल्यावर, ताईनं विचारलं, "माझ्यावर काय लिहिलं होतंस?"

काहीच नाही, ते म्हणाले. ताईनं नुसतं बघितलं. लहानपणी खोटं बोलल्यावर बघायची तसंच. मग त्यांनी मान खाली घालून ओळ म्हणून दाखवली.

"मला पाण्याची भीती वाटते, माहीत आहे ना तुला? आणि नावेत बसवतोस?" ताई म्हणाली. "मी मेले तर मेली असं लिही. आणि लिही की, शेजारणीच्या ब्लाउजची एक बाही लावायची राहिली."

ते हसले नाहीत. खिडकीवर परतल्यावर मात्र ते आधी विचारू लागले, गेलेल्या माणसाचं काय अर्धं राहिलं? काहींना राग आला. त्यांना दिवाच हवा होता, तो कवींनी दिला. बायको गेलेल्या एका म्हाताऱ्यानं बराच विचार करून सांगितलं, "तिचं माझ्याशी भांडण." कवींनी तेवढंच छापलं.

ताईचा फोन अवेळी वाजला की अजूनही ते लगेच उचलत नाहीत. आधी एक श्वास घेतात.