घर हवे का, असे एकदाच विचारले

ठिकाण : स्टुटगार्ट. काळ : साठ सालानंतरचा एक हिवाळा. पक्षकार : वाईचे एक भिडस्त इंजिनिअर, हे वाचून संकोचतील, म्हणून नाव देत नाही. साक्षीदार : प्रस्तुत लेखक. शिक्षण अपुरे, तथापि येथील मराठी मंडळींचे जर्मन अर्ज मीच लिहीत असे.

"छे छे, कशाला उगाच!" हे त्यांचे नित्याचे वाक्य. कॉफी पुढे केली तरी तेच. दुसऱ्यांदा आग्रह केला की मात्र दोन कप घेत.

त्यांच्यापुढे दोन नोकऱ्या होत्या. एकीत पगार भक्कम. दुसरीत बेताचा, परंतु विवाहितांस कारखान्याचे घर. त्यांची घरमालकीण खोलीत शेगडी पेटवू देत नसे. घर मिळाल्यावाचून पत्नीस आणणे अशक्य होते. मी बजावले, "अहो, पगाराचं राहू द्या. घर मागा!"

घराच्या त्या नोकरीच्या मुलाखतीस मी शेजारी बसलो. साहेबांनी विचारले, "घर हवे आहे?" हे लाजून जर्मनमध्ये म्हणाले, "छे छे, कशाला उगाच त्रास!"

"बरे," म्हणून साहेबांनी अर्जातली घराची ओळ खोडली.

मी टेबलाखालून पायाने ढोसले. आपलाच पाय लागला असे समजून यांनी माझ्या गुडघ्याला हात लावून नमस्कार केला.

बाहेर बर्फ भुरभुरत होता. "काय केलंत हे?"

"पुन्हा विचारतील की. एकदम हो कसं म्हणायचं?"

"अहो, हे लोक एकदाच विचारतात!"

ते थांबले. टोपीवर बर्फ साचत राहिला. पुढेमागे घर मिळेल या आशेने नोकरी त्यांनी तीच घेतली. घरासाठी मी सविस्तर अर्ज केला. उत्तर आले, हे नमूद करतो : घरे वाटून झाली, वाट पाहावी.

पुढे दर रविवारी आम्ही टेकडीवरच्या कामगार वसाहतीकडे चालत जात असू. धुक्यात भिंती दिसत नसत. उजळलेल्या खिडक्या तेवढ्या अधांतरी तरंगत.

"त्या खिडकीशी ती उभी राहील," ते हळूच म्हणत. "डावरी आहे हो. पोळी उलटताना बघितलं की वाटतं, आपण आरशात बघतोय."

वसंतात ते दुसऱ्या गावी गेले. तिकडे घर देतात, असे ऐकले होते. "कळवतो," म्हणाले. गाडी वळणाआड गेली. त्यानंतर पत्र नाही.

तरी वाचकांपैकी कोणास ठावठिकाणा ठाऊक असल्यास, बाई आल्या किंवा कसे, एवढे कृपया कळवावे. उत्तराची प्रतीक्षा आहे.