एकाच पदवीची दोन वजनं

माझ्या थोरल्या जाऊबाई रुग्णालयाच्या धुलाई खात्यात बावीस वर्षं होत्या. त्यातली शेवटची नऊ वर्षं मुकादम. चारशे खाटांच्या चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे झगे, सगळं त्यांच्या नजरेखालून जायचं. रक्त लागलेलं कापड लाल पिशवीत, बाकीचं पांढऱ्या. कुणी आळस करून दोन्ही एकत्र कोंबलं, तर त्या ओरडायच्या नाहीत. ती पिशवी उचलून त्या वॉर्डच्या दारात परत नेऊन ठेवायच्या. घरी मात्र ओरडायच्या, विशेषतः मी गॅस बंद करायला विसरले की.

पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांनी ‘नेतृत्व’ या विषयात एम.ए. करायचं ठरवलं. दोन वर्षांचा अभ्यासक्रम. बहुतेक तास ऑनलाइन, आणि दर सहा महिन्यांनी एक आठवडा विद्यापीठात जाऊन राहायचं. भाऊजींनी विचारलं, चादरी मुकाट ऐकतात की तुझं, मग हे कशाला? त्यावर त्या म्हणाल्या, चादरी ऐकतात, साहेब ऐकत नाहीत.

रविवारी दुपारी त्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कानाला हेडफोन लावून वर्गाला बसायच्या. एकदा माइक चालू राहिला, आणि कुकरवरून मी खाल्लेली बोलणी प्राध्यापकांसकट सगळ्या वर्गाने ऐकली. कामाच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत घड्यांच्या गठ्ठ्यावर टेकून त्या वाचायच्या. इंग्रजी अडायचं. शब्द वहीत उतरवून मशीन फिरत असताना पाठ करायच्या.

त्याच वर्गात त्यांच्याच रुग्णालयाचे उपप्रशासक होते. हजेरी लागली की ते कॅमेरा बंद करून गायब. सोमवारी जाऊबाईंना वर बोलावून विचारायचे, त्या लेखात नेमकं काय म्हटलंय हो? या समजावून सांगायच्या, तेही आपली सुट्टी मोडून. मी चिडायचे. त्या म्हणायच्या, सांगताना मलाच नीट कळतं. निवासी आठवड्यात गट पडले की हेच साहेब बोलायला उभे राहायचे आणि जाऊबाईंच्या हातात खडू द्यायचे. तुमचं अक्षर छान आहे, म्हणे.

पण शेवटचा प्रकल्प ज्याचा त्याने करायचा होता. रुग्णालयात चादरी कायम कमी पडायच्या. वरचे म्हणायचे, चोरी होते. जाऊबाई एकेका वॉर्डातल्या नर्सशी जाऊन बोलल्या आणि त्यांनी कपाटं उघडायला लावली. सहाशेच्या वर धुतलेल्या चादरी दडवून ठेवलेल्या निघाल्या. वेळेवर येतील याचा भरवसा नाही, म्हणून प्रत्येक वॉर्ड साठवत होता. त्यांनी कुणाला दोष दिला नाही. सकाळी आठ आणि दुपारी चार अशा वेळा बांधून घेतल्या आणि तीन महिने एकही चुकवली नाही. कपाटं आपोआप रिकामी झाली. प्राध्यापकांनी तो प्रकल्प पुढच्या तुकडीला शिकवायला घेतला.

दोघंही पास झाले. काही महिन्यांनी सेवा व्यवस्थापकाची जागा निघाली. धुलाई, स्वयंपाकघर, सफाई, सगळं एका हाताखाली. दोघांनी अर्ज केले. जाऊबाईंना मुलाखतीलाच बोलावलं नाही. पत्र आलं: आपली पदवी ऑनलाइन स्वरूपाची असल्याने ग्राह्य धरता येत नाही. उपप्रशासकांची निवड झाली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, वर्ग एक, परीक्षा एक, निकालाच्या यादीत नावं खाली-वर! हे झालं कसं, ते अर्जांची छाननी करणारा कारकूनच सांगून गेला. जाऊबाईंनी सरळपणे लिहिलं होतं, ‘ऑनलाइन व निवासी’. साहेबांनी लिहिलं होतं, ‘निवासी’. बस्स. आणि कुणी एक प्रश्न विचारला नाही. खालच्या मजल्यावरची बाई शिकली म्हणजे त्यात काहीतरी खोट असणारच, आणि वरच्या मजल्यावरचा माणूस शिकला म्हणजे शिकलाच.

भाऊजी म्हणाले, सोडून दे, पाण्यात राहून माशाशी वैर नको. त्यांनी सोडलं नाही. निकालाची यादी आणि अभ्यासक्रमाचं माहितीपत्रक घेऊन त्या थेट संचालकांकडे गेल्या. मीही गेले, दारापाशी उभी राहिले.

संचालकांनी कागद चाळले. मग मऊ आवाजात म्हणाले, “बाई, तुम्ही धुलाई खातं इतकं छान सांभाळता. तिथेच नेतृत्व दाखवा ना.”

जाऊबाई बसल्या नव्हत्या. तशाच उभ्याने म्हणाल्या, “साहेब, या यादीत आम्हा दोघांच्या नावांमध्ये तिसरं नाव नाही. मग ग्राह्य काय नाही, माझी पदवी की माझं खातं? जे असेल ते लेखी द्या.”

उपप्रशासकांना बोलावलं. अभ्यासक्रम एकच का, असं विचारल्यावर ते म्हणाले, एकच, पण मी निवासी भागावर जास्त भर दिला. जाऊबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी पाहिलं. त्यांचे कान लाल झाले होते, एवढंच माझं समाधान.

निवड रद्द झाली. मुलाखती नव्याने झाल्या, जाऊबाईंनाही बोलावलं, दहा मिनिटं हसून बोलले, आणि जागा बाहेरच्या कुणाला दिली. उपप्रशासक आपल्या खुर्चीत तसेच राहिले. साधी ताकीदसुद्धा नाही. मी एकदा म्हटलं, व्यर्थ गेलं सगळं. तेव्हा जाऊबाई माझ्यावर कडाडल्या, की शिकलेलं व्यर्थ गेलं असं या घरात पुन्हा कुणी म्हणायचं नाही.

वर्षाच्या आत शहराच्या दुसऱ्या टोकाच्या रुग्णालयाने त्यांना घेतलं, सेवा व्यवस्थापकाच्याच पदावर. तिथल्या मुलाखतीत दडवलेल्या चादरींबद्दलच चाळीस मिनिटं विचारत होते म्हणे.

निरोप समारंभाला मी गेले होते. संचालक बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, हे नेतृत्व आमच्या संस्थेने घडवलं, याचा आम्हाला अभिमान आहे. टाळ्या पडल्या. उपप्रशासकांनीही वाजवल्या. मी मांडीवरचे हात हलवले नाहीत.

जाऊबाई उत्तराला उठल्या. मागच्या रांगेत धुलाईच्या बायका, हात अजून ओले, दाटीवाटीने उभ्या होत्या. जाऊबाईंनी त्या अकराजणींची नावं एकेक करून घेतली, कुणी कधी जाऊबाईंचं काम अंगावर घेऊन त्यांना अभ्यासाला वेळ दिला ते सांगितलं, आणि खाली बसल्या. पुढच्या रांगेतल्या एकाचंही नाव घेतलं नाही.

नंतर संचालक हसत जवळ आले. आमच्याबद्दल काही बोलला नाहीत, म्हणाले.

“विचार केला,” जाऊबाई म्हणाल्या, “पण सांगण्यासारखं काही आठवलं नाही.”