तळ्याला भरलेली हुडहुडी

तीन माणसं एका तळ्यावर बारा महिने राबली की किस्से शेवाळासारखे वाढतात. आज काढा, उद्या पुन्हा हजर!

बहात्तरच्या दुष्काळात खणलेल्या पाझर तलावांत पाणी आलं. त्यात सोडायला पिलं हवीत, म्हणून साताऱ्याजवळ आमचं मासे वाढवायचं केंद्र निघालं. तिघंच आम्ही. कोकणातले तरुण साहेब, पलटणीतनं रिटायर झालेले वॉचमन सुभेदार आणि अंगठेबहाद्दर मी. थंडीत पुण्याचे मोठे साहेब येऊन बघणार होते. मासे धडधाकट दिसले तर केंद्र राहणार, नाहीतर कुलूप!

*

पहिलं गिऱ्हाईक माण तालुक्यातले तात्या. ऑक्टोबरचं ऊन, म्हणून यष्टीत पिलांच्या पिशवीभोवती त्यांनी बर्फ लावला. गावी पोचल्यावर पिशवी थेट तापल्या तलावात ओतली. निम्मी पिलं जागीच उताणी!

साहेब म्हणाले, "पिशवी आधी तासभर पाण्यात तरंगू द्या. आतलं-बाहेरचं पाणी सारखं झालं की सोडा."

पुढच्या खेपेला सगळी पिलं जगली. तात्यांना मात्र पडसं! पिशवी धरून तासभर गळ्याइतक्या पाण्यात उभे.

मी विचारलं, "तुमी कशाला उतरलासा?"

"आवं, एकटी पिलं भ्याली असती की!"

*

साहेब रोज सकाळी तळ्यात थर्मामीटर बुडवायचे. मी कोपर बुडवायचो, बाळाच्या अंघोळीचं पाणी बघतात तसं. एकदा थर्मामीटर फुटला. नवा येईस्तोवर साहेब काठावरनं विचारायचे, "काका, आज कोपर काय म्हणतंय?"

"बाळाला घालू नगा म्हणतंय!"

*

थंडी वाढली आणि माशांनी खाणं सोडलं. सुभेदार घाबरले, "साहेब, उपोषणाला बसलेत हे! मागण्या तरी इचारा!"

"गार पाण्यात त्यांना पचत नाही. पेंड कमी टाका."

पुढं काही माशांच्या अंगावर पांढरा बुरा आला, पिंजल्या कापसागत. सुभेदार म्हणाले, "घ्या! रजई पांघरली!"

ती रजई उतरवायला एकेक मासा मिठाच्या पाण्यात बुडवून काढत होतो. हातांची सालं निघाली, पण बहुतेक वाचले.

*

आणि नेमके त्याच थंडीत मोठे साहेब आले. सकाळी आठला! मासे गारठून तळाशी. वर एक बुडबुडा नाही.

"मासे आहेत कुठं?"

आमच्या साहेबांचं तोंड उतरलं. जाळं ओढलं असतं, तर आजारातनं उठलेल्या माशांचं काही खरं नव्हतं.

सुभेदारांनी टाचा जुळवल्या. "सर, मासे बराकीत हायेत. परेड अकराला!"

मग चहा झाला. भाजल्या शेंगा झाल्या. लडाखची थंडी सांगून झाली. मोठे साहेब घड्याळाकडं बघत होते, सुभेदार सूर्याकडं.

कडेचं उथळ पाणी उन्हानं कोमट झालं, तसे सुभेदार काठावर गेले. पेंडीची मूठ भिरकावली आणि ओरडले, "फॉलिन!"

एक पाठ दिसली. मग दहा. मग सगळं तळंच चुळबुळायला लागलं!

मोठे साहेब काठावर वाकून बघायला लागले. मग शेरेबुक मागून घेतलं, दोन ओळी लिहिल्या आणि जीपमध्ये बसले.

धूळ खाली बसली तरी आमच्या साहेबांना वही उघडायचा धीर होईना. मी म्हणालो, "वाचा की, साहेब. मला कुठं येतंय?"

त्यांनी वाचलं, "केंद्र चालू ठेवावे. मात्र रविवारी माशांना परेड लावू नये."