स्टेशनपासून पाच मिनिटं

उदगीरला आमच्या कॉलनीचे प्लॉट ज्यानं विकले, तो गृहस्थ रोज चहाच्या हॉटेलात भेटतो. पायात पांढरे बूट, खिशात दोन फोन आणि बोलणं संपलं की 'बोला'. त्याच्याच शब्दावर मी प्लॉट घेतला, तेव्हापासून गाडी चुकायची मला सवय झाली आहे.

परवा पेपरात आलं होतं की ध्रुव तारा आधी मानत होते त्यापेक्षा जवळ असावा, असं शास्त्रज्ञांना आता वाटतं. ते वाचून तो खवळला.

"एवढे शिकलेले लोक, अन् जबान एक न्हाई. काल एक अंतर, आज दुसरंच. अशानं गिऱ्हाईक उभं राहील का? बोला."

मी म्हणालो, "नव्यानं मोजलं, चूक दिसली, म्हणून सुधारली."

"पुन्हा मोजायचंच कशाला म्हणतो मी. प्लॉट पाडले तवापासून आपलं स्टेशन पाच मिनिटं. बदललं का कधी?"

काल कॉलनीतच त्याची मोटारसायकल बंद पडली. मीही स्टेशनलाच निघालो होतो, म्हणून भर उन्हात दोघं पायी निघालो. पोचायला पाऊण तास लागला. पांढरे बूट मातीनं काळे झाले होते आणि माझी गाडी निघून गेली होती. तो धापा टाकत बाकावर बसला. मला वाटलं, आता तरी अंतर दुरुस्त होईल.

तेवढ्यात गिऱ्हाइकाचा फोन आला. त्यानं मला हातानंच गप्प बसवलं, दम आवरला आणि म्हणाला, "पाच मिनिटं हो साहेब. आत्ताच पायी आलो की. बोला."