फुलंब्रीत बर्फ

आमच्या हेडमास्तरांनी उभ्या जन्मात कधी हार मानली नाही. हारच कंटाळून घरी जायची. निजामाच्या राजवटीत फुलंब्रीच्या शाळेत मी त्यांच्या हाताखाली दुय्यम मास्तर होतो. पुस्तकं उर्दूत, पोरं मराठी, आणि मास्तरांचं ध्यान सदा एकाच गोष्टीत: घट्ट काय, पातळ काय, अन् कशाचं काय होतं. त्यांच्याकडं चहा प्यायचा तर आधी "साखर गेली कुठं?" याचं उत्तर द्यावं लागे. एकदा थंडीतल्या लग्नात त्यांनी वाढप्याच्या हातचं तुपाचं भांडं धरून "हे का थिजलं?" यावर असा पाठ दिला, की अख्ख्या पंगतीचा भात गार झाला. यजमानांनी हात जोडले, तेव्हा कुठं तूप पुढं सरकलं.

पण पाणीसुद्धा थिजतं, हे गावाला काही केल्या पटेना. "पाण्याचा दगड? मास्तर, लई झालं आता!" म्हणून पाटील चावडीवर हसायचे, आणि पोरंही मागं मास्तरांना थापाड्या म्हणू लागली. हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं. औरंगाबादेच्या स्टेशनावर रेल्वेनं बर्फ यायचा. दोनदा ते सायकलला भुशाचं पोतं बांधून गेले, आणि दोनदा नुसता ओला भुसा घेऊन आले. तेवढ्यात बीदरला बदलीचा हुकूम आला. निघायला एकच दिवस उरला. "पोरांपुढं खोटा ठरून मी जाणार नाही," म्हणाले, आणि पहाटेच पुन्हा निघाले, या खेपेला भुशावर घोंगडी गुंडाळायची म्हणून तीही घेऊन. "बर्फाला थंडी वाजती व्हय?" पाटलांनी विचारलंच.

दुपारी आले ते अर्धी लादी शाबूत घेऊन! आम्ही पोरं गोळा करायला वळलो, अन् इकडं आमच्या चपराशानं, रहीमभाईनं, घात केला. माल पाझरतोय हे पाहून बिचाऱ्यानं बर्फ घमेल्यात फोडला आणि शेरभर मीठ चोळलं. "साब, कैरीकू नमक लगाए तो साल भर टिकती," तो म्हणाला. पाटलांनी एक तुकडा उचलून जिभेला लावला. "हे तर खारट! खडेमीठ दाखवून फसवता व्हय?" माझं डोकंच फिरलं. मास्तरांनी मात्र घमेल्यात बोट घातलं, झटकन बाहेर काढलं अन् ओरडले, "अहो, हे तर बर्फाहून गार झालंय! पाटील, तुमच्याच विहिरीचं पाणी आणा!"

पेलाभर पाणी त्या खाऱ्या काल्यात ठेवून मास्तर पाऊण तास पेला फिरवत बसले. बोटं बधिर झाली, पण पेला सोडला नाही. मग तो पाटलांपुढं पालथा धरला. पाणी पडेना. पाटलांनी स्वतःच्या विहिरीचं पाणी बोटानं टकटक वाजवलं, पागोटं सावरलं आणि म्हणाले, "चुकलो, गुरुजी." पोरांनी शाळा डोक्यावर घेतली.

दुसऱ्या दिवशी गाडी जुंपली, तेव्हा रहीमभाई मान खाली घालून लोणच्याची बरणी घेऊन उभा होता. "कैरी है, साब. नमक बराबर लगाया. साल भर टिकेगी."

"कैरी टिकेल, रहीमभाई," मास्तर म्हणाले, "माझंच काही खरं नाही."

आणि कधी हार न मानणारा तो माणूस आमच्याकडं पाठ करून, बरणी मांडीवर धरून, उपरण्यानं डोळे पुसत बसला.