तांब्या-तांब्यानं भरलेला रेडिएटर

आमच्या छोट्या हॅचबॅकला आमच्या ह्यांनी सुपरचार्जर बसवला, तेव्हा आमच्या कडा गावातल्या लोकांनी मलाच वेड्यात काढलं. म्हणे, नवऱ्याला आवरत कशी नाही. चुलीला फुंकणी तसा इंजिनाला सुपरचार्जर. इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो आणि आत जादा हवा कोंबतो. गाडी पिसाळल्यासारखी पळायची आणि तापायचीही तशीच.

हे सहकारी साखर कारखान्यात फिटर. त्या वर्षी दुष्काळानं ऊसच नव्हता, बॉयलर पेटला नाही आणि हे घरी बसले. रिकामा फिटर म्हणजे डोक्याला ताप. माझं शिलाई मशीन दोनदा खोलून झालं. आदल्या वर्षी ह्याच गाडीनं वडवणीची शर्यत मारली होती. ते ऐकून शर्यतीच्या गाड्या बांधणारा पुण्याचा एक गॅरेजवाला आमच्याकडची शर्यत बघायला येणार होता. इंजिन दहाही फेऱ्या टिकलं तर ह्यांना नोकरी, एवढीच त्याची अट.

शर्यत आटलेल्या तलावात होती. गाडी मी चालवायची, कारण मी वजनानं हलकी, असं हे सांगत. खरं तर वेग वाढला की ह्यांचेच हात कापायचे.

शर्यतीसाठी ह्यांनी मोठा रेडिएटर बसवला, पण टँकर आठ दिवस आला नव्हता. त्यात ओतायला पाणी कुठलं? कुणाकडे मागायला तोंड नव्हतं. तेवढ्यात शेजारची मावशी तांब्या घेऊन आली.

"मावशी, प्यायचं पाणी हाय हे," मी म्हणाले.

"मंग? गाडीला तहान न्हाई व्हय? वत."

तिच्यामागून सगळी गल्ली आली, तांब्या-तांब्यानं. मला तिथंच रडू आलं.

सहाव्या फेरीला मी सगळ्यांच्या पुढे होते. सातव्या फेरीला तापमानाचा काटा लाल पट्टीकडे सरकायला लागला. मागे राहायचा माझा स्वभाव नाही, अगदी रेशनच्या रांगेतसुद्धा नाही. पण आत गल्लीचं पाणी होतं. त्याची वाफ करून उडवायला माझं मन धजेना. मी पाय ढिला केला. तीन गाड्या पुढे गेल्या, हे बांधावरून हातवारे करत राहिले, आणि मी चौथी आले.

गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडून बराच वेळ इंजिन ऐकलं. मग ह्यांना म्हणाला, "बांधलंत तुम्ही, वाचवलं बाईंनी. एक तारखेला या."

निघालो त्या सकाळी मावशीनं गाडीच्या खिडकीतून पाण्याची बाटली आत दिली. तिच्या दारातला हंडा पालथा होता, मला दिसत होता.

"पुण्यात नळाला पाणी हाय वो मावशी."

"आसंल की. पर वाटंत गाडी तापली तर?"

गाडी वाटेत एकदाही तापली नाही. पुण्यातल्या खोलीवर नळ धो धो वाहत होता. तरी आम्ही दोघं आधी मावशीचं पाणी प्यालो.