ताट जिथं थांबलं

भीमेचा पूल ओलांडला आणि जीपवाला म्हणाला, "ताई, आला बरं का नगर जिल्हा." मला काही फरक कळला नाही. अलीकडे धूळ होती, पलीकडेही धूळच होती. आम्ही रत्नागिरीचे, चपला चिखलात रुतवून वाढलेलो. दौंडपासून काष्टीपर्यंत मी रुमाल नाकावरून काढला नाही, आणि शेजारच्या आजीबाई सबंध वाटभर माझ्याकडे बघून हसत होत्या.

मला बोलावलं होतं मंदानं. डी.एड.ला आम्ही एका खोलीत राहत होतो. ती लग्न करून काष्टीच्या आतल्या एका गावात गेली आणि तिथल्याच शाळेत लागली. गावातल्या तरुण मंडळाचं दिवाळीच्या सुट्टीत दोन दिवसांचं शिबिर होतं. एसटीडी बूथमधून, मीटरवर डोळा ठेवून, तिनं एका दमात सांगितलं होतं, "तू शाळेत घेतेस ते खेळ आमच्या पोरांना शिकव. आणि येताना कोकम आण."

काष्टीला बाजाराचा दिवस होता. शेळ्या, बैल, कांद्याच्या पिशव्या आणि टेम्पो यांच्यातून वाट काढता काढता माझ्या चपलेचा अंगठा तुटला. तो शिवून घेईपर्यंत दोघांनी येऊन विचारलं, "कुनाच्या पाव्हण्या?" मंदाचं नाव सांगितल्यावर त्यांनीच मला योग्य टेम्पोत बसवून दिलं. पुढं अर्धा रस्ता उसाचा आणि अर्धा माळाचा होता. बाजरी निघून गेली होती, आणि मोकळ्या रानात मेंढ्या बसवल्या होत्या.

मंदाच्या घरी जेवायला शेंगोळी होती (हुलग्याच्या पिठाची बोटभर वेटोळी, लसणाच्या झणझणीत पाण्यात शिजवलेली). मी मासे खाणारी बाई, नाक मुरडतच ताटावर बसले आणि तीन वेळा मागून घेतली. भाकरी थापता थापता मंदानं मंडळाची हकिगत सांगितली.

मंडळाचं एक वाचनालय होतं, म्हणजे एक खोली, दोन कपाटं आणि एक सतरंजी. त्याची चावी सुजाताकडे असायची. सुजाता बौद्ध वस्तीतली. डी.एड. होऊन घरी बसली होती, नोकरीचं पत्र अजून आलेलं नव्हतं. रविवारी सकाळी ती त्या खोलीत लहान पोरांचा वर्ग घ्यायची. गणपतीत मंडळाचा नवा टेप त्या खोलीतून गेला. कुलूप तुटलेलं नव्हतं, पण मागची खिडकी नीट लागत नव्हती, त्यामुळे कोणी नेला ते कळेना. मग मंडळानं बेलभंडारा उचलायचं ठरवलं (खंडोबाची हळद आणि बेलाचं पान हातात घेऊन शपथ घ्यायची). ताट फिरलं. सुजातापाशी आलं तेव्हा ती म्हणाली, "मी नाही उचलणार."

"का?" मी विचारलं.

"अगं, तिच्या आज्यानं छप्पन्न साली देव सोडले. त्या घरात कुणी भंडाऱ्याला हात लावत नाही. सगळ्या गावाला माहीत आहे."

"मग?"

"मग काय? माहीत असणं वेगळं. चोर असं तोंडावर कुणी म्हटलं नाही. चावी मात्र काढून घेतली. वर्ग बंद झाला."

"आणि तू काय केलंस?"

मंदा तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "बोलले. पण मी इथली सून आहे, आणि अध्यक्ष माझा पुतण्या आहे." मला तिचा राग आला. पण पाचवी भाकरी तिच्याच हातची खात होते, त्यामुळे गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाचनालयासमोरच्या लिंबाखाली सगळे गोल बसले. पंधरा-सोळा जण असतील, चार मुली. अध्यक्ष बापू हा रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा शेतकरी पोरगा. चावी त्याच्या करदोट्याला बांधलेली होती, बसताना शर्टाखालून दिसली. सुजाताही त्याच गोलात बसली होती, ताठ, केसांना घट्ट वेणी. मला वाटलं होतं ती येणारच नाही. "मंडळ माझंबी हाय," असं ती मंदाला म्हणाली होती म्हणे.

मी खेळ समजावला. खेळाचं नाव 'गाव झोपलं'. प्रत्येकाला एक चिठ्ठी. एकावर 'चोर', बाकी सगळ्यांवर 'गावकरी'. मी 'रात्र झाली' म्हटलं की सगळ्यांनी डोळे मिटायचे. चोरानं एकट्यानं उघडायचे आणि ज्याचं घर फोडायचं त्याच्याकडे बोट दाखवायचं. दिवस उजाडला की तो माणूस खेळातून बाद. मग उरलेल्यांनी वाद घालून चोर कोण ते ठरवायचं. ज्याच्यावर जास्त हात वर होतील त्यानं उठायचं आणि आपली चिठ्ठी दाखवायची. चोर गावला तर गाव जिंकलं. दोघंच उरेपर्यंत गावला नाही तर चोर जिंकला.

"म्हंजी चोरानं थापा मारायच्या?" किसन नावाच्या पोरानं विचारलं.

"हो. बेमालूम मारायच्या."

"जमतंय की."

पहिला डाव लागला. अलका नावाच्या मुलीचं घर फुटलं. वाद सुरू झाला आणि माझी कळी खुलली, कारण रत्नागिरीत माझी मुलं एवढी भांडत नाहीत. एवढ्यात कुणीतरी म्हणालं, "उगं कशाला तोंडाची वाफ दवडता? भंडारा उचला." किसन उठून पळाला. खंडोबाचं देऊळ हाकेवर होतं. ताट घेऊन धावत आला, गोलाच्या कडेच्या दगडाला ठेचकाळला, आणि मूठभर भंडारा माझ्या पांढऱ्या साडीवर सांडला. ताटात उरला तेवढा बास झाला. ताट तिसऱ्या माणसापाशी आलं तशी त्यानं दोन्ही हात वर केले. "ऱ्हाऊ द्या. मीच हाय चोर."

"अरे, कबूल काय करतोस?" मी म्हणाले. "हा खेळ आहे."

"खेळ हाय म्हनून तर इतका येळ थापा मारल्या, ताई. पर भंडाऱ्यावर कसं खोटं बोलायचं?"

दुसऱ्या डावातही तेच. चोर झालेली मुलगी ताट बघूनच हसायला लागली. मी चिडले. आयुष्यात शेकडो वेळा घेतलेला खेळ चिमूटभर हळदीनं मोडीत काढला होता. मंदा पदरात तोंड खुपसून हसत होती. ताट बाजूला ठेवा असं मी सांगून पाहिलं. बापू म्हणाला, "ताई, आमच्याकडं असंच इचारत्यात." ठीक आहे म्हटलं, गाव त्यांचं.

तिसऱ्या डावात ताट पहिल्यांदाच अर्ध्या गोलापर्यंत पोचलं. एकेक जण पान आणि भंडारा उचलत होता, "खंडोबाची आन, मी चोर न्हाई" म्हणत होता आणि ताट पुढं देत होता. मग ते सुजातासमोर आलं.

वर लिंबात साळुंक्या तेवढ्या कलकलत होत्या. हा डाव मी आधीच मोडायला हवा होता असं वाटलं आणि मी तोंड उघडलं, पण सुजातानं माझ्याकडे बघून हात केला. "चालू द्या, ताई." मग ताट पुढं करणाऱ्या किसनला म्हणाली, "मी न्हाई उचलनार. मी चोर न्हाई, हे तोंडानं सांगते."

"गावली," कुणीतरी हळूच म्हणालं.

"हात वर करा," मी म्हणाले. एकूण एक हात वर गेले. सावकाश गेले, पण गेले. बापूचाही गेला.

सुजातानं चिठ्ठी उलगडली आणि मध्ये ठेवली. 'गावकरी' असं लिहिलं होतं.

नियमाप्रमाणे डाव पुढं चालला. पुन्हा रात्र झाली, पुन्हा घर फुटलं. ताट त्यानंतर कुणी उचललंच नाही, ते सुजातासमोर तसंच राहिलं. नुसत्या वादावादीत चुकीची माणसं बाद होत गेली आणि शेवटी चोर जिंकला. चोर निघाला सोमनाथ. सुजाताच्या पलीकडे तिसरा बसलेला, सगळ्यात लहानखुरा, गालावर खळी पडणारा.

"म्या तर लई भ्यालो हुतो," तो मांड्या थोपटत हसायला लागला. "ताट दोन मानसांवर आलं हुतं! पर सुजाताताईपाशीच आडलं. माझ्यापत्तुर आलंच न्हाई!"

त्याच्याबरोबर आणखी दोघं-तिघं हसले. मग हसणं आपोआप बंद पडलं. ते का बंद पडलं हे मला क्षणभर कळलं नाही.

अलका म्हणाली, "त्या दिशी बी ताट हितंच ऱ्हायलं हुतं."

मग बापू बोलला, जमिनीकडे बघत. "त्या दिशी मी तिच्या पलीकडं बसलो हुतो. मी भंडारा उचललाच न्हाई." पुढं म्हणाला, "आमी पाच-सा जन हुतो तिकडं. कुनीच न्हाई उचलला. आन चावी मी घेतली."

मला त्या पोराचं कौतुक वाटलं, खरंच वाटलं. सबंध गोलात त्याला सगळ्यात सोपं होतं गप्प बसणं.

बापूनं ताट स्वतःकडे ओढलं. "आता आमी उचलतो. राहिलेले समदे उचलतो."

"नको," सुजाता म्हणाली.

"का?"

"तुमी उचलून मोकळं झालात तर परत मी एकटीच उरते. दोन महिने, बापू. पोरं दारात येऊन इचारत्यात, ताई, वर्ग कधी? मी काय सांगू त्यांना? तुमी तुमचा देव माना, मी कवा नको म्हनले? पर माझा शब्द हाय, तो शब्द म्हनून घ्या. घेनार आसाल तर घ्या."

तिनं चप्पल घातली आणि ती वस्तीकडे निघून गेली. शिबिराचा त्या दिवशीचा कार्यक्रम तिथंच संपला. किसन ताट देवळात ठेवून आला.

दुसरा दिवस रविवार. मला सकाळच्या टेम्पोनं निघायचं होतं. मंदानं पिशवीत शेंगदाण्याची चटणी आणि हुलग्याचं पीठ कोंबलं. आम्ही वाचनालयापाशी टेम्पोची वाट बघत उभ्या होतो, तेवढ्यात बापू वस्तीकडून येताना दिसला. एकटाच, तोंड पडलेलं.

"चावी दिलीस?" मंदानं विचारलं.

"घेत न्हाई, काकी. म्हनती, जिथं घेतली तिथं द्या. जेवढ्यांसमोर घेतली तेवढ्यांसमोर."

"बरोबर म्हणते," मी म्हणाले. मला कुणी विचारलं नव्हतं.

बापूनं मान हलवली आणि किसनला पोरं गोळा करायला पाठवलं. टेम्पो आला. मंदानं ड्रायव्हरला सांगितलं, "जरा दम धर, भाऊ." त्यानं इंजिन बंद करून तंबाखू काढली. मंडळाची पोरं आली, कुणी तोंडात राखुंडी घेऊन, कुणी दुधाची किटली घेऊन. सगळ्यात शेवटी सुजाता आली. बापूनं सगळ्यांदेखत करदोट्याची गाठ सोडायला घेतली. ती आवळली होती, सुटेना. तो घामाघूम झाला, पण कुणी हसलं नाही. शेवटी सुटली.

"सुजाता, तुझा शब्द घेतला," तो म्हणाला. "तवाच घ्यायला पायजे हुता."

तिनं चावी घेतली, कुलूप उघडलं आणि आत जाऊन सतरंजी झटकायला लागली. दारातून धुळीचा लोट आला आणि माझ्या अंगावर बसला. या खेपेला मी नाकाला रुमाल लावला नाही. टेम्पो वळला तेव्हा वस्तीकडून दोन-तीन लहान पोरं पाट्या घेऊन पळत येत होती.

घरी येऊन साडी दोनदा भिजवली, उन्हात टाकली. हळदीचा डाग फिका झाला, गेला नाही. सासूबाईंनी विचारलं म्हणून सगळी हकिगत सांगितली. मग शेजारी सांगितली, शाळेत सांगितली. ऐकून झालं की प्रत्येक जण एकच विचारतो, "मग टेप कुणी नेला होता?"

मला माहीत नाही. त्या गावालाही अजून माहीत नाही. पण आता हा खेळ घेते तेव्हा एक नियम मी वाढवलाय. कुणी उत्तर दिलं नाही तरी त्याच्यापाशी थांबायचं नाही, शेवटच्या माणसापर्यंत विचारत जायचं. मुलं कुरकुरतात, डाव लांबतो म्हणतात. मी म्हणते, लांबू दे.